कसबा पेठेतली कल्हई : आईची सहा भांडी आणि चार महिन्यांचा वापर

सहा भांडी दिली होती. पाचांना कल्हई, म्हणजे आतून कथलाचा (टिनचा) पातळ मुलामा झाला, सहावं कल्हईवाल्या काकांनी तसंच परत केलं. जानेवारीत काम झालं आणि आता मे उजाडलाय. चार महिने वापरून झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं, कारण पहिल्या दिवशी सगळीच कल्हई चांदीसारखी दिसते. ती टिकते किती, आमटी कळकते का, म्हणजे पितळेने तिची चव बिघडते का, घासताना कडेने पितळ डोकावायला लागतं का, हे कळायला दिवस जावे लागतात.

भांडी आईची. आई ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, ऐंशी पुरी करून. वर्षश्राद्धाला आम्ही सगळे चिपळूणला जमलो होतो, तेव्हा दादाने माळ्यावरचं पोतं खाली काढलं. वहिनीचे गुडघे दुखतात, एवढी जड भांडी तिला उचलवत नाहीत, आणि आमच्या आळीत कल्हईवाला यायचा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. "वन्सं, तुम्ही न्या," वहिनी म्हणाली. "इथे राहिली तर एक दिवस मोडीत जातील, आणि ती मोडीत घालायला माझा हात धजायचा नाही." ठोक्याचं मोठं पातेलं, त्याच्या धाकट्या बहिणीसारखं आमटीचं पातेलं, भाताची तपेली, दुधाचं तपेलं, पसरट लंगडी आणि पाण्याची तांब्याची कळशी. मी आणि माझ्या मुलाने ते पोतं गाडीच्या डिकीत ठेवलं तेव्हा गाडी मागून चांगलीच खाली बसली.

पोत्यात एक गडूही होता. पुण्याला आल्यावर आधी तोच मी घराजवळच्या एका दुकानात पॉलिशला दिला. दोन दिवसांनी गडू आरशासारखा लखलखत परत आला, वर लॅकरचा थर, आणि गळ्यावरचं नाव गेलेलं. आईच्या लग्नात तिच्या मावशीने दिलेला गडू होता तो. बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं मावशीचं नाव बफिंगच्या चाकावर घासून सपाट झालं होतं. दुकानदार म्हणाला, नवीन नाव मशीनने घालून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी गडू पिशवीत टाकला आणि घरी येऊन खूप रडले. आई गेली त्या दिवशी इतकी माणसं होती घरात, इतकी कामं होती, की रडायचं राहूनच गेलं होतं. त्यानंतर दोन-तीन महिने बाकीच्या भांड्यांना कोणाचा हात लावू द्यायची माझी तयारी नव्हती. म्हणूनच हे सगळं जरा तपशिलात लिहितेय. तुमच्याकडेही अशी भांडी असतील तर कुठल्या हातात द्यायची हे ठरवताना उपयोगी पडेल.

काकांचं कल्हईचं दुकान पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीच्या बाजूला आहे. पाटी नाही. आळीत शिरलं की ठोक्यांचा आवाज येतो, त्या आवाजाच्या अंगाने थोडं चालायचं आणि कोणालाही "कल्हईवाले काका" विचारायचं. तांबट आळी पेशव्यांच्या काळातली. कोकणातून आलेले तांबट इथे वसले आणि बंब, घंगाळं, हंडे, कळश्या घडवत राहिले. अजूनही काही घरांत मठारकाम चालतं. तांब्याच्या अंगावर एकाशेजारी एक ठोका बसवत जायचा. त्याने नक्षी उमटते हे आपल्याला दिसतं, पण खरं काम असं की ठोक्यांनी पत्रा घट्ट आणि कणखर होतो. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी, धातू ठोकल्यावर कठीण होतो हे दर वर्षी फळ्यावर लिहिलं. त्या आळीत उभं राहून ते कानांनी ऐकायला मिळालं.

काकांचं वय सत्तरीच्या आसपास असेल. भांडी पोत्यातून काढली तशी त्यांनी किंमत सांगितली नाही. एकेक भांडं उचललं, उजेडाकडे धरलं, बुडावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला, "ह्यात काय करणार?" मला वाटलं सहज विचारतायत. मी म्हटलं, "आमटी, सार, असं काही." तर म्हणाले, "आंबट असेल तर काठापर्यंत घ्यायला लागेल. नुसता भात असता तर एवढी गरज नव्हती." दुधाच्या तपेल्याच्या बुडाला आतून जुन्या कल्हईचे काळे डाग होते, ते त्यांनी मला बोटाने दाखवले आणि म्हणाले, ह्याला आधी साफ करायला वेळ लागेल, ह्याचे शंभर जास्त. बोलणं सगळं असं सरळ.

कळशी मात्र त्यांनी बाजूला ठेवली. "पिण्याच्या पाण्याच्या तांब्याला आतून कल्हई कशाला करता, ताई? चिंच-मीठ लावून घासा, पाणी भरा." ते काम त्यांनी केलं असतं तर मला काही कळलं नसतं, आणि पैसेही मी दिले असते. पितळी भांड्यात आंबट शिजवायचं असेल तर कल्हई हवीच, पण पाण्याची तांब्याची कळशी आपण आतून उघडीच ठेवतो. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी त्यांनी हे मला समजावून सांगितलं, ह्यासाठी त्यांना पैकीच्या पैकी मार्क.

मग मी घाबरत घाबरत शिशाचं विचारलं. कल्हईसाठी कथील लागतं आणि कथील महाग. स्वस्तात करून देणारे त्यात शिसं मिसळतात, दिसायला फरक चटकन कळत नाही, आणि शिसं पोटात जाणं वाईट. काकांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी फडताळातून कथलाची एक कांडी काढली, माझ्या कानाजवळ आणली आणि हळू वाकवली. करकर असा बारीक आवाज आला, कोरड्या बर्फावर पाय दिल्यासारखा नव्हे, कोवळी भेंडी मोडताना येतो तसा पण लांबलेला. शुद्ध कथील वाकवलं की आतल्या स्फटिकांची मांडणी झटक्याने बदलते आणि हा आवाज येतो. शिसं मिसळलं की तो दबतो. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, कानांनी पहिल्यांदा ऐकलं. काका म्हणाले, "आमच्या वडिलांनी असंच शिकवलं. कांडी ओरडली पाहिजे."

आता मोठ्या पातेल्याचं. त्याचा काठ बाहेरच्या बाजूला गोल वळवलेला आहे. काकांनी त्या वळणावरून बोट फिरवलं, थांबले, आणि एक बारीक तार घेऊन आत घातली. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर तांबूस-काळसर बारीक माती सांडायला लागली. चिमूटभर नाही, चांगली चमचाभर. "पुरातली भांडी आहेत का?" त्यांनी विचारलं. "ही काढायला पाहिजे. आत ओल राहिली आणि भट्टीवर धरलं तर उडतं."

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या पुराची माती होती ती. २२ जुलै २०२१ ची पहाट. दादाने आईला वरच्या मजल्यावर नेलं तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांवर पाणी होतं, आणि सकाळपर्यंत स्वयंपाकघराचे ओटे पाण्याखाली गेले. मी पुण्यात. फोन लागत नव्हते. टीव्हीवर चिपळूणची बाजारपेठ दिसायची, पहिल्या मजल्याला लागलेलं पाणी दिसायचं, आणि आमची आळी त्या चित्राच्या कोणत्या बाजूला आहे हे मी पडद्यावर बोट ठेवून शोधत बसायचे. २६ जुलै २००५ लाही पाणी आलं होतं, पण तेव्हा बाबा होते आणि पाणी ओट्याखाली थांबलं होतं. ह्या वेळी दोन दिवसांनी कोणाच्या तरी फोनवरून आईचा आवाज आला. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "भांडी आहेत गो, बाय. जड होती म्हणून राहिली. स्टीलची सगळी वाहून गेली."

पुढे आठ दिवस आई ओट्यावर स्टूल घेऊन बसून ती भांडी धूत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दादा चिडायचा, वहिनी हातातून काढून घ्यायची, आई पुन्हा घ्यायची. नारळाची शेंडी आणि राख. तिला वाटलं सगळा चिखल निघाला. वळलेल्या काठाच्या आत तिचं बोट जाणार नव्हतं. काकांनी तार काढली, पातेलं वर्तमानपत्रावर उपडं करून दोनदा आपटलं आणि माती गोळा करून मला विचारलं, "टाकू?" मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, थांबा. मग पुन्हा म्हटलं, टाका. ते थांबले होते तोवर. एवढं समजून घेणारा माणूस कल्हईच्या दुकानात भेटेल असं मनात आणलं नव्हतं.

काम समोर बसून बघायचं असेल तर सांगून जा, सकाळी लवकर. ते बघू देतात, फक्त लांब बसवतात. भांडं आधी आतून स्वच्छ व्हावं लागतं, तेल-तुपाचा अंशही राहून चालत नाही. मग भट्टी. पूर्वी चामड्याचा भाता असायचा, आता हाताने फिरवायचा पंखा आहे. भांडं सांडशीने धरून निखाऱ्यांवर फिरवायचं, तापलं की नवसागराची पूड टाकायची. भसकन पांढरा धूर येतो आणि नाकातोंडात झोंबतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी खरंच जवळ थांबू नये. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलेल्या धातूवरचा ऑक्साइडचा थर तो काढून टाकतो, म्हणून कथील घट्ट धरतं. मग कांडी नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, पितळ वितळायला नऊशेच्या घरात जावं लागतं, त्यामुळे कारागिराला हाताशी भरपूर जागा मिळते, पण हातातलं भांडं किती तापलंय ते सांगायला काही यंत्र नसतं. काका धुराच्या रंगावरून ओळखतात. कांडीचा एक थेंब आत पडला, की कापसाचा बोळा घेऊन एकाच ओघात बुडापासून काठापर्यंत फिरवायचा. काळपट पिवळ्या भांड्याच्या आत डोळ्यांदेखत पांढरी लाट चढत जाते. आणि लगेच पाण्यात. चर्र.

तो आवाज ऐकला आणि मी चिपळूणच्या अंगणात पोचले. वैशाखात, पावसाच्या आधी, कल्हईवाला यायचा. गल्लीच्या तोंडापासूनच "कल्हईsss" अशी आरोळी. तुळशीच्या पलीकडे तो जमिनीत खड्डा खणायचा, भात्याची नळी मातीत पुरायचा, आणि भाता ओढायला आम्ही पोरं आळीपाळीने बसायचो. आई पदराने नाक झाकून ओटीवर उभी. भांडी तिने मोजून दिलेली असायची, घेतानाही मोजून घ्यायची. प्रत्येक भांडं उन्हाकडे धरून ती आत बघायची आणि मग बोट फिरवायची, बुडाशी, मध्यावर, काठाशी. "डोळ्यांना चकाकी दिसते, बोटाला खरं कळतं," असं म्हणायची. बोटाला खरखर लागली की भांडं परत भट्टीवर.

पण मला तिची आठवण सगळ्यात जास्त येते ती त्यापुढच्या तासाची. नुकत्याच कल्हई केलेल्या पातेल्यात ती तिथल्या तिथे आमटी टाकायची आणि पहिलं पान कल्हईवाल्याचं मांडायची. आम्हाला भूक लागलेली असायची, आम्ही कुरकुरायचो. आई ऐकायची नाही. "त्याने केलेलं भांडं आहे. आधी त्याला कळू दे कसं झालंय ते." तो माणूस ओटीवर बसून जेवायचा, दर वर्षी म्हणायचा, "वहिनी, आमटी बेस," आणि आई भांड्यात डोकावून म्हणायची, "कल्हई पण बेस." दोघांचं असं ठरलेलं होतं.

आता नावाची गोष्ट. मोठ्या पातेल्याच्या गळ्यावर ठिपक्यांनी लिहिलंय, "चि. सौ. कां.", पुढे आईचं माहेरचं नाव, आणि खाली "मे १९६३". आजोबांनी गुहागरहून लग्नात दिलेलं पातेलं. लग्नात आईचं नाव बदललं. साठ वर्षं ती दुसऱ्या नावाने वावरली, रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर, आमच्या शाळेच्या दाखल्यांवर. माहेरची माणसं जुन्या नावाने हाक मारायची, पण तीही एकेक करून गेली. शेवटचा माझा धाकटा मामा, २०११ मध्ये. त्यानंतर त्या नावाने तिला हाक मारणारं कोणी राहिलं नव्हतं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते घरातच असू दे.

शनिवारी भांडी घ्यायला गेले तर दुकानात गर्दी होती. लग्नाच्या पंगतीची मोठमोठी पातेली आली होती, काका आतल्या बाजूला होते आणि मी रस्त्याच्या कडेला उभी. आतून हाक आली. आईचं माहेरचं नाव, पुढे "ताई" जोडून, मोठ्याने. पुन्हा एकदा. मी "ओ" दिली. तोंडातून आपसूकच गेली. काका बाहेर आले, हातात मोठं पातेलं. गिऱ्हाइकाचं नाव भांड्याच्या बुडावर खडूने लिहायची त्यांची पद्धत आहे. माझं नाव विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून त्यांनी गळ्यावर जे होतं ते वाचलं आणि पाचही भांड्यांच्या बुडावर तेच लिहून टाकलं. पांढऱ्या खडूने, मोठ्या अक्षरांत. "तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझी आई." काका म्हणाले, "मग बरोबर आहे, त्यांचीच भांडी." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

नाव आहे तसं राहिलं, हे वेगळं सांगायला नको. मी देताना दहादा बजावलं होतं. काकांनी बाहेरची बाजू चिंच आणि बारीक मातीने हाताने घासली, चाकाला लावली नाही. त्यामुळे बाहेरून भांडी नव्यासारखी झगमगत नाहीत. ठोक्यांच्या मधल्या खळग्यांत थोडा काळसरपणा राहिला आहे. मला तेच हवं होतं. शोकेसमध्ये ठेवायला लखलखीत पितळ हवं असेल तर हे दुकान तुमच्यासाठी नाही.

जे पटलं नाही तेही लिहिते. गुरुवारचा वायदा होता, भांडी शनिवारी मिळाली, आणि मधल्या काळात कळवायची काही सोय नाही. मी दोन फेऱ्या फुकट मारल्या. पावती नाही. आणि लंगडीची कल्हई काठाशी पातळ झाली होती. दुकानातल्या उजेडात दिसलं नाही, घरी येऊन आईसारखं बोट फिरवलं तेव्हा काठाच्या खाली दोन बोटं लांबीचा पट्टा खरखरीत लागला. दुसऱ्याच दिवशी परत नेली. काकांनी स्वतःचं बोट फिरवलं, "हां, बरोबर आहे," म्हणाले, आणि मला बसवून अर्ध्या तासात पुन्हा करून दिली, वरचे पैसे न घेता. चूक झाली हे एका वाक्यात मान्य करणारा कारागीर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. तरी तुम्ही भांडं दुकानातच उन्हात धरून बघा आणि बोट फिरवून बघा, म्हणजे फेरी वाचेल.

खर्च सांगते. पाच भांड्यांचे मिळून २,२०० रुपये झाले. मोठ्या पातेल्याचे ७००, बाकीची आकारावर. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा. भांडी जड असतील तर बरोबर कोणाला तरी न्या.

आणि आता वापर. चार महिन्यांत आमटीच्या पातेल्यात आठवड्यातून तीन-चार वेळा तरी आंबट काही शिजलंय. आमसुलाचं सार, चिंचगुळाची आमटी, दोनदा टोमॅटोचं सार. एकदाही चव बिघडली नाही. कळकलेलं ज्यांनी कधी चाखलं नसेल त्यांना हे सांगून कळायचं नाही. मी नववीत असताना घाईघाईत ताक कल्हई गेलेल्या पितळीत ओतून ठेवलं होतं. दुपारी आईने बघितलं. ती ओरडली नाही. बोटाच्या टोकावर एक थेंब घेऊन माझ्या जिभेला लावला आणि म्हणाली, "ही चव लक्षात ठेव." तोंडात नाणं धरल्यासारखी, तुरट, घशाशी ओढणारी चव. मग तिने ते सगळं ताक माडाच्या मुळाशी ओतलं आणि संध्याकाळी पुन्हा दही लावलं. आंबटाने पितळेतलं तांबं सुटतं हे रसायनशास्त्र पुढे कॉलेजात शिकले, पण मुलांना शिकवताना दर वर्षी मला माडाच्या मुळाशी ओतलेलं ते ताकच आठवायचं.

कल्हई टिकवायची तर काही गोष्टी पाळाव्या लागतात. काकांनी सांगितल्या, आणि सांगत असताना माझ्या लक्षात आलं की ह्यातली एकही मला नवीन नाही. रिकामं भांडं आचेवर ठेवायचं नाही. तारेच्या घासणीने घासायचं नाही. लोखंडी उलथणं, धारेचा चमचा आत घालायचा नाही, लाकडी डाव वापरायचा. आणि कल्हईच्या भांड्यात फोडणी करायची नाही. आई कायम फोडणी लोखंडी कढल्यात वेगळी करायची आणि वरून ओतायची. तिच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा सगळ्यांना वाटायचं की ही तिची चवीची पद्धत आहे, वरून दिलेल्या फोडणीचा वास जास्त येतो म्हणून. वास येतोच. पण कडकडीत तापलेलं तेल कथील वितळण्याच्या जवळपास पोचतं, बुडाची कल्हई त्याने सरकते. सत्तावन्नाव्या वर्षी, एका कल्हईच्या दुकानात, मला आईच्या आमटीचं हे कारण कळलं. घरी येताना रिक्षात मला तिला फोन करायचा होता. नंबर अजून फोनमध्ये आहे.

तपेलीतला भात कुकरच्या भातापेक्षा निराळा होतो, मोकळा, आणि बुडाला खरपूस पापुद्रा धरतो. हे मी आठवणीच्या भरात म्हणत नाही, माझ्या सुनेलाही तसं वाटलं, आणि तिने आईच्या हातचा भात दोन-तीनदाच खाल्लाय. दूध पितळी तपेल्यात लागत नाही असं म्हणायचे, माझं एकदा लागलं, लक्ष नव्हतं माझं. सार मात्र तेच. आमसुलं भिजत घालायची, कुस्करायची, पाणी, गूळ, मीठ, हिरवी मिरची ठेचून, एक उकळी, आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. आमच्याकडे ताप उतरला की आई हे द्यायची, वाटीत नाही, फुलपात्रात. मार्चमध्ये नातवाला ताप होता. तापानंतर पहिल्यांदा त्याने काही मागून घेतलं ते हे सार. फुलपात्रातच दिलं मी.

चार महिन्यांनंतर आमटीच्या पातेल्याची चकाकी कमी होऊन करडी झाली आहे, ते साहजिक आहे. पितळ कुठेही दिसत नाही. बोट फिरवलं की गुळगुळीत लागतं. रोजच्या वापरात वर्षभर जाईल असं काका म्हणाले होते, तसं दिसतंय. तांब्याची कळशी चिंच-मीठ लावून घासली, ती रोज रात्री भरून ठेवते. नाव गेलेला गडू देवापुढे आहे. त्याच्यावर नवीन नाव घालायचं नाही असं मी आणि दादाने ठरवलंय.

चार भांड्यांच्या बुडावरचा खडू पहिल्याच दिवशी गॅसवर गेला. मोठं पातेलं अजून चढवलेलं नाही, आम्हा तिघाचौघांसाठी ते फार मोठं आहे. त्याच्या बुडावर आईचं नाव आहे तसं आहे, पांढऱ्या खडूने, फक्त एका काना-मात्रेशी माझं बोट लागून जरा पुसट झालंय. येत्या रविवारी दादा-वहिनी येतायत, मुलं-नातवंडं धरून पंधरा पानं होतील. दादा येताना कच्चा फणस आणणार आहे. भाजी त्याच पातेल्यात करायची आहे.